परिचारिकेचे शरीर कोणाचे?

दुसऱ्याच्या देहाची शुश्रूषा करणे हेच जिचे काम, तिने स्वतःच्या देहासाठी दररोज अर्धा तास राखून ठेवणे हा स्वार्थ होय की कर्तव्य? प्रश्न वरवर पाहता लहान दिसतो. व्यायाम हा पहिलवानांचा, शाळेतील मुलांचा किंवा फार तर पोट सुटलेल्या सुखवस्तू गृहस्थांचा विषय. त्यात नीतीचा प्रश्न तो कसला, असेही कोणी म्हणेल. परंतु रत्नागिरीच्या बाजूस ज्या ज्या परिचारिकांशी आमचे या विषयावर बोलणे झाले, त्यांपैकी एकीनेही व्यायामाचे फायदे काय असे आम्हांस विचारले नाही. फायदे त्याच आम्हांस शिकवतील. मधुमेहाच्या रोग्यास "रोज चालत जा" असे दिवसातून दहा वेळा सांगणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. त्यांच्या अडचणी निराळ्याच होत्या. "आम्ही चालायला गेलो तर घरचे कोण करणार?" ही एक, आणि दुसरी, जी त्या जरा थांबून, खालच्या आवाजात बोलून दाखवीत, ती अशी की, "वॉर्डात इतकी माणसे कण्हत असता आपण आपल्या शरीराचे चोचले पुरवावे, हे बरे दिसते काय?"

या दोहोंपैकी दुसरा प्रश्न नीतीचा आणि पहिला केवळ सोयीचा, असे प्रथमदर्शनी वाटते. आमचे मत याच्या उलट झाले आहे. ते कसे, हे आमच्या वाचकांपुढे मांडावयाचे आहे. कारण आमच्या वाचकांमध्ये अशी कुटुंबे थोडी नाहीत की ज्यांची लेक, सून, बहीण अथवा पत्नी या कामात आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. परिचारिकेचे नातलग, आणि पुष्कळदा ती स्वतःही, असे म्हणते की, जी बाई सबंध पाळीभर पायांवर उभी असते, एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे धावते, जड रोग्यास कुशीवर वळविते, तीस आणखी व्यायामाची गरज ती काय? हा विचार मूर्खपणाचा नाही. इ. स. १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी लंडन शहरातील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. गाडी हाकणारा दिवसभर बसून असे. तिकिटे देणारा कंडक्टर एका पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. दोघेही एकाच कंपनीचे, एकाच थरातील लोक. परंतु हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला, आणि ज्यांस जडला त्यांसही तो उशिरा जडला. तेव्हा अंगमेहनतीचे काम हाच व्यायाम, असे कोणी धरून चालला तर त्यास त्या काळी आधार होता.

पुढे मात्र गोष्ट इतकी सरळ नाही असे दिसून आले. डेन्मार्क देशातील संशोधक आंद्रेआस होल्टरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोपनहेगनच्या परिसरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या माहितीवरून लिहिलेला निबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला. फुरसतीच्या वेळी जे अधिक हालचाल करीत, त्यांस हृदयविकार व अकाली मृत्यू कमी. परंतु कामावर जे अधिक अंगमेहनत करीत, त्यांस ही जोखीम कमी न होता उलट वाढलेली दिसली. यावर विद्वानांत वाद आहे, हेही सांगितले पाहिजे. अंगमेहनत बहुधा गरिबाच्याच वाट्यास येते, आणि गरिबी स्वतःच माणसाचे आयुष्य कुरतडते. तेव्हा दोष श्रमाचा किती आणि दारिद्र्याचा किती, हे निवडणे कठीण, असे आक्षेप घेणारे म्हणतात. तथापि होल्टरमन यांनी जी कारणे सुचविली आहेत ती कोणत्याही परिचारिकेस ऐकविली तर ती मान डोलावील असे आम्हांस वाटते.

ती कारणे अशी. चालावयास निघालेला मनुष्य थोडा वेळ हृदयास जोराने कामास लावतो आणि मग विसावा घेतो. त्या विसाव्यातच शरीर बळकट होते. वॉर्डातील श्रम तसे नव्हेत. तेथे दहा पावले चालावयाची, मग थांबावयाचे, वाकावयाचे, अर्धवट वळून एखाद्यास उचलावयाचे, पुन्हा तासभर उभे राहावयाचे. हृदयास तेज करावयास ही हालचाल पुरेशी जोराची नसते. परंतु त्यास दिवसभर विसावा मिळू न देण्याइतकी मात्र ती खचित असते. रक्तदाब तासन् तास चढलेला राहतो; कंबर व पोटऱ्या ताणलेल्या राहतात. आणि सर्वांत मुख्य गोष्ट ही की, दमल्यावर थांबण्याचा अधिकार तीस नसतो. व्यायाम करणारा आपल्या श्वासाकडे पाहून वेग ठरवितो. परिचारिकेचा वेग घंटा ठरविते, डॉक्टरांची फेरी ठरविते, शेजारच्या खाटेवरील रोग्याची उलटी ठरविते. श्रम दोन्हीकडे आहेत, पण एकीकडे शरीर कमावले जाते आणि दुसरीकडे खर्ची पडते. बसवरील कंडक्टराचे जिने चढणे हे योगायोगाने व्यायामासारखे होते. खाटेवरील रोग्यास उचलणे तसे नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. नियमित चालण्याने स्त्रियांच्या हृदयास किती लाभ होतो हे जगास ज्या अभ्यासांनी शिकविले, त्यांतील अतिशय मोठा अभ्यास परिचारिकांवरच झालेला आहे. अमेरिकेत १९७६ साली १,२१,७०० परिचारिकांनी आपल्या प्रकृतीची व राहणीची माहिती दर दोन वर्षांनी कळविण्याचे मान्य केले. त्यांतील सुमारे ७२ हजार जणींच्या माहितीवरून १९९९ साली असे प्रसिद्ध झाले की, ज्या आठवड्यास तीन तास किंवा अधिक वेळ झपाझप चालत होत्या, त्यांस हृदयविकार होण्याचे प्रमाण न चालणाऱ्यांपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी होते. आज आमच्या गावातील डॉक्टर ज्या बाईस फिरावयास जाण्याचा उपदेश करतो, तिला लाभणारे हे ज्ञान परिचारिकांनी आपल्या देहाची माहिती देऊन मिळवून दिलेले आहे. आणि त्यांच्याच आमच्याकडील भगिनीस चालावयास वेळ नाही!

आता त्या खालच्या आवाजातील प्रश्नाकडे वळू. इतरांचे दुःख समोर असता आपल्या शरीराकडे पाहणे बरे काय? हा प्रश्न जिच्या मनात उठतो तिची आम्हांस लाज वाटत नाही, आदरच वाटतो. परिचर्येचा धंदा आमच्या लोकांत कसा आला, हे वाचकांस ठाऊक आहेच. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले आणि नंतर थोड्याच वर्षांत तेथे परिचारिकांस शिक्षण देणे सुरू झाले, तेव्हा परक्याचे रक्त, पू, मलमूत्र हाताळणे हे प्रतिष्ठित घराण्यांस विटाळाचे वाटे, आणि रात्री घराबाहेर राहून काम करणे हे स्त्रीस अशोभनीय वाटे. ज्या मुलींनी ते पत्करले त्यांत आमच्या मंडळ्यांतील मुली पुष्कळ होत्या. आज सर्व समाजांतील मुली या कामात आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या पहिल्या पिढीपासून एक समजूत चालत आली आहे, ती ही की, चांगली परिचारिका स्वतःकडे पाहत नाही.

या समजुतीस थोर उदाहरणांचे पाठबळ आहे. १८९७ साली पुण्याकडे प्लेगची साथ असता सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची शुश्रूषा केली, एका आजारी मुलास पाठीवर घेऊन आपल्या पुत्राच्या, डॉ. यशवंत यांच्या, दवाखान्यात नेले, आणि त्याच रोगाने मार्च महिन्यात त्या वारल्या. २०२० साली कोरोनाच्या साथीत आमच्या परिचारिका अंगभर प्लॅस्टिकचा पोशाख घालून, पाणीही न पिता तासन् तास उभ्या राहिल्या. काही परत आल्या नाहीत. अशा प्रसंगी जी बाई "माझी फिरावयाची वेळ झाली" असे म्हणेल, तिच्या बाजूने लिहावयास आम्ही लेखणी उचललेली नाही.

परंतु साथ आणि रोजचे आयुष्य ही एक नव्हेत. सावित्रीबाईंनी जे दिले ते समजून उमजून, संकटाच्या वेळी, आपल्या हाताने दिले. जी परिचारिका पंचवीस वर्षे नोकरी करून गुडघे, कंबर व हृदय घालवून बसते, आणि त्याचे खरे कारण हे असते की संध्याकाळचा भात तिच्यावाचून घरात कोणी शिजवीत नव्हते, तिने काही दिलेले नाही. तिच्याकडून ते घेतले गेले आहे. या दोहोंस एकच "त्याग" शब्द लावणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. आणि असा शब्द लावण्यात ज्यांची सोय आहे, ते तो फार मोकळ्या हाताने लावतात, असे आमच्या पाहण्यात आले आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे नाव या प्रसंगी हटकून घेतले जाते. रात्री दिवा घेऊन फिरणारी ती मूर्ती प्रत्येक नर्सिंग शाळेच्या भिंतीवर असते. पण त्या चित्राच्या पुढची हकीकत थोड्यांस ठाऊक असते. क्रिमियाच्या युद्धात त्या स्वतः तापाने अत्यवस्थ झाल्या, आणि १८५६ साली मायदेशी परतल्यानंतर पुढील पुष्कळ वर्षे त्यांचे आयुष्य बहुतेक खोलीत व बिछान्यावरच गेले. तेथूनच त्यांनी हिंदुस्थानच्या आरोग्याविषयीही अपार लेखन केले, हे खरे. परंतु ते त्यांस शक्य झाले, कारण वडिलांकडून त्यांस सालीना पाचशे पौंड मिळत, आणि त्यांची एक आत्या आपला संसार बाजूस ठेवून त्यांच्याजवळ येऊन राहिली होती. नाइटिंगेलबाईंसारखे झिजावे असे आमच्या सिस्टरांस सांगणाऱ्यांनी ती आत्याही पुरवावी, एवढेच आमचे मागणे आहे.

कोणी समंजस गृहस्थ म्हणतील, "हा सर्व वाद कशास? व्यायामाने परिचारिका निरोगी राहील, अधिक वर्षे काम करील, रोग्यांची सेवा अधिक चांगली होईल. म्हणून तिने तो करावा." हा युक्तिवाद खरा आहे आणि अधिकाऱ्यांपुढे तो उपयोगीही पडेल, तरी आम्हांस तो पुरेसा वाटत नाही. पेरणीपूर्वी शेतकरी बैलास पेंड घालतो, ती बैलाने औत अधिक चांगले ओढावे म्हणून. बैल म्हातारा झाला की पेंड बंद होते. परिचारिकेच्या शरीराचा विचार केवळ तिच्या कामाच्या दृष्टीने केला, तर तो याच जातीचा विचार होय. मग ती सेवानिवृत्त झाल्यावर तिचे गुडघे चालोत वा न चालोत, कोणाचे काय अडले? आमचे म्हणणे असे की, तिचे शरीर रोग्यांचे होण्यापूर्वी, मुलांचे होण्यापूर्वी, नवऱ्याच्या घरचे होण्यापूर्वी, तीस दिले गेलेले आहे. ते सांभाळण्याची जबाबदारीही प्रथम तिची आहे, आणि साठाव्या वर्षी स्वतःच्या पायांनी पाखाडी चढून शेजारणीकडे जाता यावे, एवढ्यासाठीही ते सांभाळणे रास्त आहे. तीस याहून मोठे कारण देण्याची गरज नाही. रोग्यावर जिची माया आहे तिने स्वतःलाही एक देहधारी मनुष्य समजावे, यात रोग्याचे काही चोरले जात नाही. खालच्या आवाजातील प्रश्नाचे आमचे उत्तर एवढेच आहे.

मोठ्या आवाजातील प्रश्न मात्र इतक्या लवकर संपत नाही. "घरचे कोण करणार?"

रत्नागिरीहून शिरगाव, साखरतर, काळबादेवी या वाटेने गणपतीपुळ्याकडे समुद्रकाठचा रस्ता जातो. त्या रस्त्यावर आरे-वारे हे ठिकाण आहे. मधल्या डोंगराच्या दोन अंगांस दोन विस्तीर्ण पुळणी, काठी सुरूची झाडे, आणि डोंगराच्या कडेने चढत जाणारा रस्ता. खाली सगळा समुद्र उघडा. मुंबई-पुण्याची मंडळी सुट्टीत शेकडो मैल येऊन या वाळूवर सकाळ-संध्याकाळ चालतात, हवा खातात, प्रकृती सुधारली म्हणतात. त्याच वेळी त्याच रस्त्याच्या कडेला जिल्हा रुग्णालयात सकाळच्या पाळीस जाणारी एखादी परिचारिका एस.टी.ची वाट पाहत उभी असते, अथवा एखादी आरोग्यसेविका उपकेंद्राकडे निघालेली असते. समुद्र तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण त्या वाळूवर निव्वळ चालण्यासाठी ती शेवटची कधी गेली, हे तीस आठवावे लागेल.

तिचा दिवस मनात आणा. पहाटे पाचच्या आत उठणे, पाणी, डबे, मुलांची शाळा, मग प्रवास, मग पाळी, जी कागदावर संपते त्या वेळी प्रत्यक्षात क्वचितच संपते, परत येईपर्यंत दुपार कलंडलेली, मग कपडे, मासळी, भाकरी, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचे औषध. रात्रपाळीचा आठवडा असेल तर याच सर्वांत झोप कोठे बसवावयाची हा आणखी एक प्रश्न. उपकेंद्रावरील आरोग्यसेविकेकडे सरकारी मानकाप्रमाणे सपाटीवर पाच हजार व डोंगराळ भागात तीन हजार लोकवस्ती असते. तिचे चालणे पुष्कळ, पण ते हाती पिशवी, डोक्यावर ऊन आणि मनात नोंदवह्या घेऊन होते. अशा दिवसात अर्धा तास सापडत नसतो. तो कोणाकडून तरी घ्यावा लागतो. तिने तो झोपेतून घेतला तर लाभापेक्षा हानीच अधिक. कामातून घेता येत नाही. म्हणजे राहिले घर.

येथेच आम्ही म्हणतो की हा प्रश्न सोयीचा नसून न्यायाचा आहे. आमचे पुढारी, आमचे वैद्य, आणि आम्हीही, परिचारिकेस सांगत आलो की थोडा निश्चय कर, पहाटे अर्धा तास लवकर ऊठ. जी पाचाच्या आत उठते तीस साडेचारास उठण्याचा उपदेश करावयास काही पडत नाही. लोकमान्य टिळक रत्नागिरीचेच. १८५६ साली तेथे जन्मले. डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूस ठेवून शरीर कमावण्यात घालविले, ही गोष्ट आमच्या मुलांस शाळेत सांगतात, आणि सांगावीच. पुढे तुरुंगवासात ते शरीर त्यांच्या कामी आले. परंतु त्या वर्षी टिळकांस भाकरी कोण देत होते, कपडे कोण धूत होते, हे कोणी सांगत नाही. निश्चय थोर होता. पण निश्चयाखाली मोकळा वेळ होता, आणि तो दुसऱ्या कोणाच्या तरी हातांनी मोकळा झालेला होता. सिस्टरच्या निश्चयाखाली तसे हात कोणाचे आहेत?

लोकांच्या डोळ्यांचीही गोष्ट आहे. गावातील बाई डोक्यावर पाण्याची घागर किंवा लाकडांची मोळी घेऊन दोन मैल चालली तर कोणी मान वर करून पाहत नाही. तीच बाई रिकाम्या हातांनी, कसलेही काम नसता, पायांत कॅनव्हासचे बूट घालून पुळणीवर झपाझप चालू लागली की, "आज कोठे?" असे चार जण विचारतात, आणि पाचवा विचारीत नाही पण घरी जाऊन सांगतो. जिच्या हाती ओझे नाही अशी स्त्री रस्त्यावर दिसली म्हणजे ती काहीतरी सोडून आली आहे, असा आमचा ग्रह असतो. हा ग्रह सासूबाईंचाच असतो असे नव्हे. पुष्कळदा तो तिच्या स्वतःच्या मनातही घर करून बसलेला असतो. म्हणून सुरुवातीस दोघी-तिघींनी मिळून निघावे, असे आम्ही सुचवितो. एकटीस जाब विचारणारे लोक तिघींस वाट देतात. समुद्रकाठच्या एकांत रस्त्यावर ते सुरक्षितही आहे.

आता किती आणि कसे, याविषयी थोडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणे प्रौढ मनुष्याने आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम वेगाचा व्यायाम करावा, आणि दोन दिवस स्नायूंस बळ देणारे काही करावे. मध्यम वेग म्हणजे चालता चालता बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका. पूर्वी असे मानीत की सलग दहा मिनिटांहून कमी व्यायाम हिशेबात धरू नये. ती अट आता काढून टाकली आहे, आणि परिचारिकेच्या दृष्टीने ही फार मोठी सवड आहे. एस.टी.च्या एक थांबा अलीकडे उतरून आठ मिनिटे झपाट्याने चालणे, घराकडची पाखाडी एकदा जादा चढणे-उतरणे, हे सर्व जमेस धरता येते. मात्र ते तिच्या स्वतःच्या वेगाने आणि ओझ्यावाचून व्हावे, नाहीतर ते पुन्हा श्रमातच जमा होईल. जिचे गुडघे दुखतात, किंवा जीस रक्तदाब अथवा हृदयाचा विकार आहे, तिने आपल्याच रुग्णालयातील डॉक्टरांस आधी विचारावे. सांगावयास नवल वाटते, पण दिवसभर डॉक्टरांच्या शेजारी उभी राहणारी बाई स्वतःची प्रकृती त्यांस दाखवीत नाही.

जिला रोगी उचलावे लागतात तिच्या कंबरेस व मांड्यांस बळ हवे. निव्वळ चालण्याने ते येत नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, दाराच्या चौकटीस धरून टाचा उचलणे, भिंतीवर तळहात ठेवून अंग पुढे-मागे नेणे, यांस ना साधन लागते ना निराळी जागा. सूर्यनमस्कारांचा प्रसार औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात शाळाशाळांतून केला, आणि व्यायाम म्हणून तो उत्तमच आहे. आमच्या मंडळ्यांतील ज्यांस त्या नावाची अडचण वाटते त्यांनी नाव सोडावे, कंबर मात्र वाकवावी.

रात्रपाळीविषयी एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. रात्रभर जागून आल्यावर "आधी व्यायाम, मग झोप" असा हट्ट धरू नये. जागरणाने थकलेले शरीर झोप मागते, आणि तीच त्यास द्यावी. दुपारी उठल्यावर, पुन्हा कामावर जाण्यापूर्वी, उजेड असता चालून यावे. झोपेने डोळे मिटत असता दुचाकीवरून डोंगराच्या कडेचा वळणांचा रस्ता पार करू नये, हे तर सांगावयासच नको. असेही दिवस येतील की त्या दिवशी काहीच न करता पडून राहणे हाच शहाणपणा ठरेल. तो दिवस बुडाला म्हणून स्वतःस दोष देणाऱ्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत. दोष देण्याचा त्यांचा अभ्यास अगोदरच फार झालेला आहे. त्यात व्यायामाची भर नको.

रुग्णालयाच्या चालकांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो स्पष्ट आहे. सामान्य रुग्णालयात पाच रोग्यांमागे एक परिचारिका असावी असे मानक आहे. जेथे एकीवर याच्या कित्येक पट खाटा पडतात, तेथे भिंतीवर योगासनांचे चित्र लावून व वर्षातून एकदा आरोग्यदिन साजरा करून कर्तव्य संपले असे चालकांनी समजू नये. पाळीचे वेळापत्रक महिनाभर आधी हाती देणे, रात्रपाळीनंतर खरी सुट्टी देणे, दमलेल्या बाईस दहा मिनिटे बसावयास खोली देणे, यांस फारसा पैसा लागत नाही. व्यायामाचा उपदेश हा मनुष्यबळाच्या तुटवड्यावर पांघरूण घालण्यासाठी होऊ लागला, तर परिचारिकांनी तो उपदेश परत करावा.

परंतु आमचे हे पत्र रुग्णालयाच्या चालकांपेक्षा गावातील घरांत अधिक वाचले जाते, म्हणून घराकडेच वळतो. परिचारिकेच्या पतीस आम्ही असे विचारतो: तिच्या पगाराचा हिशेब आपण जाणता, तिच्या मोकळ्या वेळाचा हिशेब कधी केला आहे काय? आठवड्याच्या सात संध्याकाळींपैकी पाच संध्याकाळी तीस अर्धा अर्धा तास मिळाला, म्हणजे ते दीडशे मिनिटांचे प्रमाण पुरे होते. तो अर्धा तास "मदत" म्हणून देऊ नये. मदत ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि पाहुणे आले, क्रिकेटचा सामना असला, की ती बंद पडते. वार ठरवावे, त्या वारी चूल, मुले व आजारी माणूस यांचा भार दुसऱ्याने उचलावा, आणि ती बाहेर पडताना "लवकर ये" असे म्हणू नये. सासूबाईंस आम्ही आदराने सांगतो की, आपल्या काळी आपण व्यायामावाचून राहिलात हे खरे, पण आपण रात्रपाळी केली नाहीत. आणि आपल्या म्हातारपणी रात्री उठून आपणांस पाणी देणार आहे ती हीच. असे सांगितल्यावर रागावलेल्या सासूबाई आम्हांस भेटल्या आहेत, आणि दुसऱ्या दिवसापासून नातवंडास घेऊन बसू लागलेल्याही भेटल्या आहेत.

पावसाळ्याचा बंदोबस्त निराळा करावा लागेल. जून ते सप्टेंबर आरे-वारेचा समुद्र खवळलेला असतो. तेथे माणसे बुडाल्याच्या दुर्घटना वारंवार घडलेल्या आहेत, आणि त्या महिन्यांत पाण्याच्या कडेने चालण्याचे नावही काढू नये. इतर ऋतूंतही ओहोटीच्या वेळी घट्ट ओल्या वाळूवरून चालावे, पाण्यात उतरू नये. पावसात ओटी किंवा पडवी हीच जागा. बारा-पंधरा हात लांब पडवी असेल तर तीत येरझारा घालता येतात, भिंतीशी टेकून वर सांगितलेले प्रकार करता येतात. त्यासाठी पडवीत वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यातील लाकडे आणि मुलांच्या सायकली त्या अर्ध्या तासापुरत्या बाजूस कराव्या लागतील. बारा वर्षांच्या मुलास ते काम सहज करता येते, आणि ते झाल्यावर भाताचा कुकर लावणेही त्यास शिकविता येते. शिट्ट्या किती मोजावयाच्या एवढे एकदा त्याच्या आईने सांगून ठेवावे म्हणजे झाले.